यंत्राच्या बेअरिंगची झीज घर्षणावरून कशी ओळखावी?



एप्रिल-मे महिन्यात विहिरीला जेमतेम पाणी असते, डाळिंबाची बाग किंवा ऊस पाण्यासाठी ताणलेला असतो, रात्रीच्या पाळीची लाइट आलेली असते आणि नेमकी त्याच वेळी मोटार जळते. मग ती काढायची, टेम्पोत घालून सोलापूरला किंवा तालुक्याच्या गावी न्यायची, रिवाइंडिंगचा नंबर लागेपर्यंत थांबायचे आणि तोपर्यंत उभ्या पिकाकडे बघत बसायचे. वाइंडिंगच्या खर्चापेक्षा चुकलेल्या पाण्याच्या पाळीचा फटका पुष्कळदा मोठा असतो. अशा वेळी आपण सर्व दोष व्होल्टेजला देतो. व्होल्टेजचा दोष असतोही; परंतु दर वेळी तोच असतो असे नाही.

आमच्याच घरी, मोहोळ तालुक्यात, एका उन्हाळ्यात एकच मोटार दोनदा जळाली. पहिल्या वेळी वाइंडिंग नवे भरले, पण बेअरिंग हाताने फिरवून "चालतंय की" म्हणून जुनेच परत बसवले. महिन्याच्या आत मोटार पुन्हा जळाली. दुसऱ्यांदा उघडली तेव्हा रोटरवर एका ठिकाणी घासून चकाकी आलेला पट्टा दिसला. रोटर व त्याभोवतीचा स्टेटर यांमध्ये लहान मोटारीत अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही कमी फट असते. बेअरिंग झिजले की शाफ्ट तेवढा खाली बसतो, रोटर स्टेटरला घासतो, उष्णता वाढते आणि तेथील वाइंडिंगचे आवरण जळते. म्हणजे जळते वाइंडिंग, पण मूळ दुखणे बेअरिंगचे. तेव्हापासून जळालेली मोटार उघडताना मी मिस्त्रीजवळ उभा राहतो. वाइंडिंगचे ठरावीक गठ्ठेच काळे पडून बाकीचे जसेच्या तसे असतील तर बहुधा एक फेज गेलेला असतो. सगळेच सारखे काळवंडले असेल तर भार जास्त किंवा व्होल्टेज कमी. आणि एकाच जागी जळून शेजारी पत्र्यावर घासल्याची खूण असेल तर बेअरिंग. आपणही एवढे पाहून घ्यावे.

मी शेतीविद्या शिकवणारा माणूस आहे, यंत्र अभियंता नव्हे. परंतु बेअरिंगची झीज ओळखण्यास कारखान्यातील महागडी उपकरणे लागतातच असे नाही, हे घरच्या यंत्रांवर अनुभवले म्हणून हा लेखनप्रपंच.

वंगणाचा थर म्हणजे काय?

जुन्या जाणत्या मंडळींना हा विषय नवा नाही. मोटेचे चाक कुरकुरू लागले किंवा बैलगाडीचे चाक कुईकुई करू लागले की वंगण घालायची वेळ झाली, हे पोरासोरांनाही कळत असे. आवाज हा घर्षणाचाच एक प्रकारचा निरोप आहे. दोन धातूंचे पृष्ठभाग डोळ्यांना कितीही गुळगुळीत दिसले तरी सूक्ष्मदर्शकाखाली नांगरलेल्या रानासारखे ढेकळांचे असतात. ही ढेकळे एकमेकांत अडकतात, तुटतात, तापतात. वंगणाचा थर पुरेसा जाड असेल तर ती एकमेकांना भिडतच नाहीत.

हे काम तेल कसे करते याचा उलगडा इंग्लंडमध्ये १८८३ साली बोशाँप टॉवर या अभियंत्याच्या प्रयोगात झाला, तोही काहीसा अपघाताने. रेल्वेच्या आसाला लागणाऱ्या बेअरिंगची परीक्षा घेताना त्याने तेल घालण्यासाठी वरच्या बाजूला भोक पाडले. यंत्र सुरू केल्यावर तेल आत जाण्याऐवजी भोकातून वर येऊ लागले. त्याने बूच मारले, ते बाहेर फेकले गेले. लाकडी खुंटी ठोकली, तीही निघाली. फिरणारा आस तेलाला आपल्याबरोबर ओढत निमुळत्या जागेत दाबतो आणि त्या दाबावर सगळा भार अलगद तोलला जातो, हे यातून समजले. पुढे १९०२ साली जर्मनीतील रिचर्ड श्ट्रिबेक यांनी वेग, भार व तेलाचा घट्टपणा बदलला की घर्षण कसे बदलते याचा आलेख मांडला. सुरुवातीला वेग कमी असताना घर्षण जास्त असते. वेग वाढून तेलाचा थर उभा राहिला की ते झपाट्याने घटते. वेग आणखी वाढला की तेल घुसळण्यामुळे पुन्हा थोडे वाढते.

आपल्या सबमर्सिबल मोटारीतील बुश व खालचे थ्रस्ट बेअरिंग याच तत्त्वावर चालतात, फरक एवढाच की पाण्याने भरलेल्या मोटारीत तेलाऐवजी पाण्याचा थर असतो. मोटार सुरू होताना आणि थांबताना हा थर नसतो. म्हणून झीज मुख्यतः चालू-बंद होतानाच होते. तासात दहा वेळा लाइट ये-जा करते आणि ऑटो स्विच दर वेळी इमानाने मोटार सुरू करतो, तेव्हा त्या बुशाचे काय होत असेल याचा विचार करावा. लाइट फारच लपंडाव खेळत असेल त्या दिवशी ऑटो बंद ठेवलेला बरा. सबमर्सिबल विहिरीत किंवा बोअरमध्ये सोडण्यापूर्वी तिच्यात स्वच्छ पाणी भरायचे असते, तेही याच कारणासाठी.

गोळ्यांच्या बेअरिंगमध्ये सरकण्याऐवजी लोळणे असते, त्यामुळे घर्षण फारच कमी. चांगल्या बेअरिंगवर १०० किलो भार असला तरी फिरण्यास होणारा विरोध जेमतेम दीडशे ग्रॅम वजनाइतका असतो. तेल अपुरे पडलेल्या साध्या बुशात तोच विरोध दहा किलोच्या घरात जातो. इतका कमी असल्यामुळेच या विरोधात थोडी वाढ झाली तरी ती ओळखता येते, जर आपण निरोगी अवस्थेतील नोंद करून ठेवली असेल तर.

झिजेच्या अवस्था

नवे बेअरिंग बसवल्यावर पहिला काळ रुळण्याचा. साध्या बुशात पृष्ठभागावरील उंचवटे तुटून बसतात, तोपर्यंत घर्षण जास्त असते व हळूहळू उतरते. गोळ्यांच्या बेअरिंगमध्ये नवे ग्रीस घुसळले जाते, म्हणून पहिले काही तास ते जास्त तापते. ग्रीस कडेला सरकून आपली जागा घेते तसे तापमान खाली येऊन स्थिरावते. येथे आपल्याकडे एक चूक सर्रास होते. बेअरिंग गरम लागले की ग्रीस कमी पडले असे समजून आणखी ग्रीस दाबले जाते. त्यामुळे ते आणखी घुसळते, आणखी तापते आणि शेवटी पातळ होऊन वाइंडिंगवर गळते. बेअरिंगच्या घरातील मोकळ्या जागेच्या साधारण एक तृतीयांश भागात ग्रीस असावे, ठासून नव्हे. ज्या बेअरिंगला दोन्ही बाजूंनी पत्र्याची किंवा रबराची झाकणे असतात त्यांत कारखान्यातच ग्रीस भरलेले असते. झाकण उचकटून त्यांत भर घालू नये.

दुसरी अवस्था स्थिर झिजेची. हीच बेअरिंगची खरी उमेदीची वर्षे. घर्षण कमी असते आणि, हे अधिक महत्त्वाचे, ते एकसारखे असते. आज, उद्या, महिन्याने मोजले तरी फारसा फरक नाही.

तिसरी अवस्था फसवी आहे. कडीच्या पृष्ठभागाखाली बारीक चीर पडते, ती वर येऊन खपली निघते. किंवा धुरळा शिरून गोळ्यांचा मार्ग खरबरीत होतो. सरासरी घर्षण अजून फारसे वाढलेले नसते, पण ते अस्थिर होते. कधी जास्त, कधी कमी. खड्ड्याच्या धारदार कडा गोळ्यांखाली रगडून बोथट झाल्या की काही दिवस आवाज चक्क कमीही होतो आणि आपल्याला वाटते, बरे झाले, आपोआप सुधारले. पाण्याचा ताण बसलेले पीक दुपारी मान टाकते आणि सकाळी टवटवीत दिसते, तसाच हा प्रकार. सकाळचे पीक पाहून पाणी लांबवणारा जसा फसतो तसाच येथेही माणूस फसतो. बेअरिंग बदलण्याची योग्य वेळ हीच, कारण चौथ्या अवस्थेत घर्षण, उष्णता आणि झीज एकमेकांना वाढवत नेतात. तापल्याने ग्रीस पातळ होते, थर तुटतो, त्याने आणखी तापते. साधारण ७० अंश सेल्सिअसच्या वर दर १५ अंशांना ग्रीसचे आयुष्य निम्मे होते. या अवस्थेत बेअरिंग काही तासांतही बसू शकते, मग आपण रानात असू नाही तर लग्नात.

घरच्या घरी परीक्षा

ज्या यंत्राला जड चाक आहे, उदाहरणार्थ कडबाकुट्टी, त्यावर घर्षण मोजण्याची एक उत्तम रीत आहे. पट्टा काढून ठेवावा, तोंडातील वैरण पूर्ण साफ करावी, चाक दर वेळी सारख्याच जोराने फिरवावे आणि ते थांबेपर्यंतचे सेकंद घड्याळावर मोजावेत. पट्टा काढणे जमत नसेल तर यंत्र रिकामे चालवून बटण बंद करावे व तेथपासून मोजावे. फक्त दर महिन्याला एकाच पद्धतीने मोजावे. घर्षण दुप्पट झाले तर थांबण्याचा वेळ सुमारे निम्मा होतो, हा यामागचा हिशेब. वेग जास्त असताना पात्यांना हवेचाही विरोध होतो, म्हणून शेवटच्या मंद फेऱ्यांकडे विशेष लक्ष द्यावे. बटण बंद केल्यावरही फिरते पाते बोटे तोडते, तेव्हा चाक पूर्ण थांबेपर्यंत हात लांबच असावा आणि मुले जवळ नसावीत.

ही मोजणी एकदाच न करता लागोपाठ तीनदा करावी. समजा नव्या बेअरिंगवर ४०, ४१, ४० सेकंद आले. सहा महिन्यांनी ३८, ३९, ३८ आले तर काळजी नाही. परंतु ३८, २९, ३५ असे आले तर सरासरी फार घटली नसली तरी बेअरिंग तिसऱ्या अवस्थेत शिरल्याचा संशय धरावा. आकड्यांतील हा विस्कळीतपणा सरासरीच्या आधी दिसतो. आणखी एक खूण: निरोगी बेअरिंगवरचे चाक थांबताना जड बाजू खाली येऊन मागे-पुढे झुलते व मग स्थिर होते. सायकलचे चांगले चाक उलटे करून फिरवल्यास हेच दिसेल. झिजलेल्या बेअरिंगवरचे चाक झुलत नाही, एकदम अडकल्यासारखे थबकते.

मोनोब्लॉक पंपाला ही रीत नीट लागू पडत नाही, कारण आतले पाणीच त्याला लगेच थांबवते. तेथे मेन स्विच बंद करून, फ्यूज काढून खिशात ठेवून मागच्या पंख्याने शाफ्ट हळूहळू एक पूर्ण फेरा फिरवावा. ग्लँडचा विरोध फेऱ्यात सर्वत्र सारखा लागतो. बेअरिंग खराब असेल तर ठरावीक जागी खडखड किंवा अडखळणे बोटांना जाणवते. शाफ्ट वर-खाली हलवून पाहावा. हाताला खुळखुळ लागली तर उशीर झालेला आहे असे समजावे. ग्लँड इतके आवळू नये की थेंबही पडणार नाही. थोडे थेंब पडलेच पाहिजेत, मात्र ते बेअरिंगच्या बाजूला उडता कामा नयेत.

आवाजासाठी लांब स्क्रू ड्रायव्हर किंवा बाभळीची सरळ काठी चालते. एक टोक बेअरिंगच्या न फिरणाऱ्या झाकणावर, दुसरे कानामागच्या हाडाला. उपरणे, सदऱ्याची सैल बाही, साडीचा पदर आवरून घ्यावा. चांगले बेअरिंग एकसुरी सळसळते. ग्रीस सुकले की शिटीसारखा बारीक आवाज येतो, खपली निघाली की ठराविक तालात टकटक येते, धुरळा शिरला की वाळू भाजल्यासारखी खरखर. विजेची गुणगुण आणि बेअरिंगचा आवाज यांत गोंधळ होत असल्यास बटण बंद करून ऐकावे. विजेची गुणगुण त्याच क्षणी थांबते. बेअरिंगचा आवाज चाक थांबेपर्यंत राहतो. हल्ली प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आहे. त्यावर दर महिन्याला तोच आवाज, त्याच जागेवरून अर्धा मिनिट टिपून ठेवला तर आठवणीवर विसंबावे लागत नाही.

तापमानाच्या बाबतीत सोलापूरच्या उन्हाळ्यात जरा सबुरी हवी. बाहेरच ४२ अंश असताना निरोगी बेअरिंगही ६५ अंशांपर्यंत जाते आणि त्यावर हात ठेवत नाही. म्हणून "हात पोळतो" ही खूण पौषात खरी ठरली तरी वैशाखात खोटी ठरू शकते. त्याच यंत्राच्या दोन टोकांच्या बेअरिंगची एकमेकांशी तुलना करावी आणि सावलीतील हवेपेक्षा किती अंश वाढ आहे ते पाहावे. कोरोनाच्या काळात घरोघर आलेला कपाळावर धरायचा थर्मामीटर येथे कामाचा नाही. तो शरीराच्या तापमानापुरताच असतो. यंत्रांसाठीचा वेगळा मिळतो. उलट थंडीच्या पहाटे ग्रीस घट्ट असते, तेव्हा यंत्र जड चालते. ते रोगाचे लक्षण नव्हे.

सबमर्सिबलला ना हात लावता येतो ना कान. तेथे पॅनलवरील अ‍ॅमीटर हाच आपला डोळा. व्होल्टेज सारखे असताना अ‍ॅम्पिअर किती, हे मोटार नवी असतानाच भिंतीवर लिहून ठेवावे. काटा हलू लागला तर आधी व्होल्टमीटर पाहावा. मग पाण्याची धार पाहावी. धारही खोकत असेल तर पाणी तळाला गेले आहे, पंप हवा ओढतो आहे. तो ताबडतोब बंद करावा, कारण कोरडे चालणे बुशाला सर्वांत घातक. व्होल्टेज स्थिर, धार स्थिर आणि तरी काटा डोलतो किंवा नेहमीपेक्षा वर राहतो, तर बुश किंवा थ्रस्ट बेअरिंगवर संशय घ्यावा. पाण्यात वाळू येत असेल तर हा संशय लवकर घ्यावा.

काळ्या रानातील एक गोष्ट

सोलापुरातील जुनी गिरणी १८७७ साली सुरू झाली. त्या काळच्या गिरण्यांत एका वाफेच्या इंजिनावर छताखालून लांबच लांब शाफ्ट फिरत आणि त्यावरून पट्ट्यांनी माग चालत. अशाच एका कापड गिरणीत, स्वीडनमधील गोटेनबर्ग शहरात, स्वेन विंगक्विस्ट नावाचे अभियंते देखभालीचे काम पाहत. ती गिरणी चिकणमातीवर उभी होती. जमीन हलली की शाफ्टची ओळंब्याची रेषा बिघडे, बेअरिंग एका अंगाने दाबली जात आणि गिरणी बंद पडे. यावर उपाय शोधताना त्यांनी १९०७ साली आपोआप रेषेत येणारे दोन ओळींच्या गोळ्यांचे बेअरिंग काढले आणि त्यातूनच एसकेएफ ही कंपनी उभी राहिली.

जमिनीचा अभ्यास करणाऱ्याला ही गोष्ट वाचून आपले रान आठवल्याशिवाय राहत नाही. आपली भारी काळी जमीन पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा देते. तिच्यावर चार विटांचा कट्टा करून बसवलेला पंप किंवा कडबाकुट्टी जूनमध्ये जशी होती तशी मेमध्ये राहत नाही. मोटार व पंप वेगळे असून कपलिंगने जोडलेले असतील तर हा दोष फारच जाणवतो. नवे बेअरिंग वर्षाच्या आत जात असेल तर बेअरिंग नकली म्हणण्याआधी कट्टा पाहावा. पाया मुरमापर्यंत न्यावा किंवा काळी माती काढून मुरूम भरून त्यावर काँक्रीट करावे, आणि पावसाळ्यानंतर व उन्हाळ्यात असे दोनदा कपलिंगची रेषा पट्टी लावून तपासावी.

पट्टा अति ताणणे हीसुद्धा अशीच खोड. घसरू नये म्हणून पहार लावून मोटार मागे रेटली जाते. गोळ्यांच्या बेअरिंगवरील भार दुप्पट केला तर त्याचे आयुष्य निम्मे नव्हे, आठवा हिस्सा उरते. पट्टा घसरत असेल तर पट्टा किंवा पुलीची खाच झिजली आहे का ते पाहावे.

काढलेले बेअरिंग भंगारात टाकण्यापूर्वी रॉकेल किंवा डिझेलमध्ये धुऊन त्याच्या कडीचा मार्ग उन्हात पाहावा. वाळलेल्या झाडाची मुळे उपटून पाहतो तसे हे आहे. मार्ग सगळीकडे फिका राखाडी, चकाकी गेलेला असेल तर धुरळा शिरला. निळसर-तपकिरी रंग आला असेल तर ग्रीसवाचून जळाले. एकाच बाजूला खपल्या असतील तर पट्ट्याचा ताण. गोळ्यांची पाऊलवाट तिरकी गेली असेल तर रेषा चुकली. गोळ्यांच्या अंतराने सारखे खळगे असतील तर बसवताना बाहेरच्या कडीवर हातोडा घातला आहे. शाफ्टवर बेअरिंग बसवताना ठोका फक्त आतल्या कडीवर, तोही योग्य मापाच्या नळीवरून द्यावा. त्याहून चांगले म्हणजे, झाकणे नसलेले बेअरिंग तेलात साधारण १०० अंशांपर्यंत गरम करून सरकवावे. गॅसची ज्योत थेट लावू नये.

नवे घेताना जुन्यावरचा पूर्ण क्रमांक कागदावर उतरवून न्यावा. ६२०५ मधील शेवटच्या ०५ ला पाचाने गुणले की आतले भोक २५ मिलिमीटर निघते. ६२०६ चे ३०. पण ६२०६ आणि ६३०६ यांचे भोक सारखेच असले तरी दुसरे बाहेरून मोठे व जास्त भार झेलणारे आहे, एकाऐवजी दुसरे बसत नाही. बिल अवश्य घ्यावे.

मळणी यंत्र ज्वारीचा हंगाम आटोपला की आठ-नऊ महिने उभे राहते. त्या काळात गोळ्या एकाच जागी टेकून राहतात, पावसाळ्यात तेथे ओल धरते आणि गोळ्यांच्या अंतरावर गंजाचे ठिपके पडतात. हंगामानंतर बेअरिंगमध्ये ताजे ग्रीस भरून, जुने धुरळ्याचे ग्रीस बाहेर काढून, पट्टा सैल करून ठेवावा आणि महिन्यातून एकदा, अमावास्येला म्हणा किंवा बाजाराच्या दिवशी, शाफ्ट हाताने काही फेरे फिरवून दर वेळी वेगळ्या जागी थांबवावा.